पुरावा जोडावा

सगळ्याची सुरुवात एका घोड्याने केली.

दुपारचं जेवण आटोपून हेडक्लार्क सोफ्यावर आडवे झाले होते आणि टीव्हीवर एक जुना सिनेमा बघत होते. त्यात एक घोडा कोर्टात साक्ष देत होता. नुसती मान हलवून नव्हे. चांगली शपथ घेऊन, साडेतीन मिनिटं, आणि उलटतपासणीतही तो फुटला नाही. हेडक्लार्कांची त्याला काही हरकत नव्हती. सिनेमा आहे म्हटल्यावर घोड्यानेही चार वाक्यं बोलावीत. फक्त त्याला आवाज कुणी दिलाय हे बघावं म्हणून त्यांनी टॅब उचलला. मुलीने परगावी जाताना त्यावर सिनेमांची माहिती देणारी एक वेबसाइट उघडून दिली होती, 'बाबांचा वेळ जाईल' म्हणून. तिथे त्या सिनेमाच्या नावाखाली एक निळा टॅग चिकटवलेला होता: 'सत्य घटनेवर आधारित'.

हेडक्लार्क ताडकन उठून बसले.

"काय झालं? छातीत दुखतंय का?" बायकोने आतून विचारलं.

"घोडा," हेडक्लार्क म्हणाले, "खरा आहे म्हणे."

पाणीपुरवठा खात्याच्या रेकॉर्ड विभागात चौतीस वर्षं काढून ते दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते, पण बिल्डिंगमध्ये त्यांना अजून सगळे हेडक्लार्कच म्हणत. त्यांनाही दुसरं काही म्हणवून घ्यायची हौस नव्हती. अशा माणसाने निळ्या टॅगवर एकदा बोट ठेवलं की तो पुढे काय करणार, हे ओळखणाऱ्याने ओळखावं. संध्याकाळपर्यंत त्यांना शोध लागला होता की खऱ्या गोष्टींवरच्या सिनेमांना त्या साइटवर एक नव्हे, अकरा प्रकारचे टॅग आहेत. 'सत्य घटनेवर आधारित' होता. 'सत्यघटनेवर आधारीत' होता; तो जोडून, आणि वर री दीर्घ. 'सत्यकथा' होता, 'खरी गोष्ट' होता, 'रिअल स्टोरी' होता, 'घडलेलं' असा एक अर्धवट सोडून दिलेला होता. आणि कुणीतरी भावनेच्या भरात 'अगदी खरं' असाही टॅग काढून तो एका भुताच्या सिनेमाला लावला होता.

एका विषयाच्या अकरा फायली! हेडक्लार्कांना त्या दिवशी चहा गोड लागला नाही. त्यांच्या काळात असं झालं असतं तर संबंधित कारकुनाला त्यांनी उभं केलं असतं, आणि बराच वेळ बसू दिलं नसतं.

दुसऱ्या दिवशी ते त्या साइटवर रीतसर स्वयंसेवक संपादक झाले. 'हेडक्लार्क (निवृत्त)' हे नाव कंस चालत नाहीत म्हणून परत आलं. 'हेडक्लार्कनिवृत्त' हे आधीच कुणीतरी घेतलेलं निघालं. जगात आपल्यासारखा आणखी एक आहे या विचाराने त्यांना थोडं बरं वाटलं आणि बराच राग आला. शेवटी 'हेडक्लार्कनिवृत्त१' यावर तडजोड झाली. मग त्यांनी ताव काढले, समास आखला आणि नियमावली लिहायला घेतली.

ही बातमी बिल्डिंगमध्ये पसरायला वेळ लागला नाही. शेजारच्या गणिताच्या बाई वाटीभर साखर परत करायला आल्या आणि तासभर बसल्या.

"आधी व्याख्या करा," त्या म्हणाल्या. "खरं म्हणजे किती टक्के खरं? मी पास होण्यापुरते पस्तीस धरीन."

"खरेपणात पस्तीस टक्क्यांना पास?"

"मी चाळीस वर्षं पेपर तपासलेत. त्याहून जास्त कुणाकडे नसतं."

वरच्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर जिन्यात भेटले. "माझ्याकडे येणारा प्रत्येक पेशंट सांगतो की तो रोज दोनदा ब्रश करतो," ते म्हणाले. "त्यासाठी एक 'सत्यापासून प्रेरित' असा टॅग ठेवा."

हेडक्लार्कांनी हे लिहून घेतलं. हसण्यासाठी नव्हे. ते खरोखरच उपयोगी होतं.

तीन आठवड्यांनी नियमावली तयार झाली. सव्वीस नियम, त्यांचे उपनियम. अकरा टॅग रद्द होऊन त्यांचे दोन होणार होते. हेडक्लार्कांनी पहिल्या झपाट्यात दोनशे बारा सिनेमांचे टॅग दुरुस्त केले, आणि समाधानाने फिरायला गेले. परत येऊन बघतात तो दोनशे बाराच्या दोनशे बारा दुरुस्त्या परत आलेल्या. साइटवर 'शांत घुबड' नावाचा कुणी निरीक्षक होता. त्याने प्रत्येकीखाली दोनच शब्द लिहिले होते: 'पुरावा जोडावा.'

हे दोन शब्द हेडक्लार्कांचे होते. चौतीस वर्षं लोकांच्या अर्जांवर लाल शाईने त्यांनीच ते लिहिले होते. आयुष्यात पहिल्यांदाच ते त्यांच्याकडे तोंड करून उभे होते. ते आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले.

बायको दारात आली. "काय झालं?"

"अर्ज परत आला."

"किती?"

"दोनशे बारा."

ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. हसू दाबायला तिला तेवढा वेळ लागला. "लोकांना काय वाटत असेल ते आता कळलं का?" असं म्हणून ती गेली.

पण हेडक्लार्क तसे खचणारे नव्हते. उलट घुबडाबद्दल त्यांना आदरच वाटू लागला; कुठेतरी अजून काम समजणारा माणूस शिल्लक होता. त्यांनी नियमावलीत चौथा नियम नव्याने लिहिला. त्या काळच्या छापील पुराव्याशिवाय कुठल्याही सिनेमाला खरेपणाचा टॅग मिळणार नाही, आणि उपनियम आ: नातेवाइकांची साक्ष चालणार नाही. घुबडाने तो जसाच्या तसा मंजूर केला आणि खाली लिहिलं, 'उत्तम मसुदा.' नोकरीत त्यांच्या मसुद्याला उत्तम कुणी म्हटलं नव्हतं. हेडक्लार्कांनी ते वाक्य बायकोला दोनदा वाचून दाखवलं.

मग काम धडाक्यात सुरू झालं. अ पासून. घोड्याचा टॅग गेला. भुताचा गेला. एका सिनेमाच्या निर्मात्याने 'ही माझ्या आत्याची गोष्ट आहे' असं लिहिलं होतं. उपनियम आ, आत्या गेली. असं करत करत त संपला आणि थ आला, आणि थ मध्ये आला 'थांब, मृत्यो, थांब!'

इथे हेडक्लार्कांचं बोट थबकलं. कारण त्या सिनेमाचा नायक त्यांचा मेहुणा होता.

म्हणजे पडद्यावर कुणी दुसराच नट होता, पण ती गोष्ट बायकोच्या थोरल्या भावाची. चाळीस वर्षांपूर्वी घाटात एका बसचा ड्रायव्हर इंजिनासाठी पाणी आणायला खाली उतरला. बस उतारावरून सुटली. तेव्हा या तरुणाने धावत जाऊन, चालत्या बसमध्ये उडी मारून, हातब्रेक ओढला आणि एकतीस माणसं वाचवली. त्यावर सिनेमा निघाला. सिनेमामुळे मेहुण्यांना बस कंपनीत नोकरी लागली, आणि तेव्हापासून घरातल्या प्रत्येक लग्नात, बारशात आणि एकदा तर एका अंत्ययात्रेत त्यांनी ती गोष्ट सांगितली होती. हेडक्लार्कांचं स्वतःचं लग्न ठरतानासुद्धा ती सांगितली गेली होती. आणि मग सगळ्यांनी त्यांच्याकडे वळून विचारलं होतं, "तुम्ही काय करता?" ते म्हणाले होते, "फायली लावतो." त्या खोलीत पसरलेली शांतता त्यांना पस्तीस वर्षं ऐकू येत होती.

नियम सगळ्यांना सारखा. पुरावा जोडलेला नव्हता. हेडक्लार्कांनी टॅग काढला. बोट जरुरीपेक्षा किंचित जास्त जोरात दाबलं गेलं, हेही इथे नमूद करायला हवं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बेल लागोपाठ चारदा वाजली. मेहुणे दारात उभे. चेहरा लाल. "भाऊजी, अनर्थ झाला!"

झालं असं होतं की मेहुणे केशकर्तनालयात केस कापून घेत होते. कारागीर नवीन होता, म्हणजे त्याने गोष्ट ऐकलेली नव्हती. मेहुण्यांनी ती सांगितली आणि शेवटी नेहमीप्रमाणे मोबाइलवर ते पान उघडून त्याच्यापुढे धरलं. कारागीर म्हणाला, "काका, इथे खरं आहे असं कुठे लिहिलंय?" मेहुणे अर्धे केस कापलेले तसेच उठले होते. डावी बाजू व्यवस्थित होती.

"कुणीतरी काढलंय भाऊजी! मुद्दाम! तुम्ही त्या साइटवर काम करता ना? शोधून काढा त्या नालायकाला. मी नाव बघून ठेवलंय. कुणी हेडक्लार्क आहे. निवृत्त." मेहुणे खुर्चीत बसले. "तुमच्या लाइनीतलाच दिसतो. ओळखीचा असेल."

बायको चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने एकदा भावाच्या डोक्याकडे बघितलं, एकदा नवऱ्याच्या तोंडाकडे. मग तिने भावापुढे चहा ठेवला, स्वतःचा कप उचलला, आणि उरलेला एक कप ट्रेसकट परत आत नेला.

हेडक्लार्क घसा साफ करून म्हणाले, "चौकशी करतो."

त्या दिवशी घरात बोलाचाली अशी नव्हती. मीठ हवं का, एवढंच विचारलं गेलं, आणि तेही मीठ ठेवून झाल्यावर. हेडक्लार्कांनी दुपारीच अर्ज लिहिला: सदर टॅग चुकीने काढला गेला असून तो पूर्ववत करावा, प्रस्तुत अर्जदाराची पत्नी ही सदर नायकाची सख्खी बहीण असल्याने अर्जदार खात्रीपूर्वक सांगू शकतो, वगैरे. अर्ध्या तासात घुबडाचं उत्तर आलं.

'पुरावा जोडावा. आप्तांची साक्ष चालणार नाही, नियम चार, उपनियम आ पाहावा. ता. क. तो आपणच लिहिला आहे. फार चांगला आहे.'

आता छापील पुरावा शोधण्याला पर्याय नव्हता. हेडक्लार्कांनी मेहुण्यांना फोन केला. "दादा, त्या वेळी पेपरात आलं असेल ना? मी जुने अंक बघून येतो."

पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक झाला. मग मेहुणे म्हणाले, "पेपरवाले काय हो, काहीही छापतात."

"पण तारीख तरी सांगा."

"राहू द्या भाऊजी. एका टॅगसाठी कशाला पायपीट? तुमचे गुडघे..." मेहुण्यांनी त्यांच्या गुडघ्यांची चौकशी पहिल्यांदाच केली होती.

हेडक्लार्क गेले. वर्तमानपत्राच्या कचेरीत तळघरात जुन्या अंकांचा विभाग होता, आणि तिथे एक रेकॉर्डकीपर बसला होता. हेडक्लार्कांना वाटलं, आपलाच माणूस. रेकॉर्डकीपरने मान वर न करता अर्ज मागितला. अर्ज दिला, तर म्हणाला, कारण लिहा. कारण लिहिलं, तर म्हणाला, ओळखपत्राची नक्कल लावा. नक्कल काढायचं दुकान रस्त्यापलीकडे होतं. ती आणली, तर रेकॉर्डकीपर जेवायला गेला होता. टेबलावर त्याचा चष्मा ठेवलेला होता, म्हणजे माणूस इथेच आसपास आहे असं वाटावं. ही युक्ती हेडक्लार्क स्वतः वापरत असत. ते बाकावर बसले आणि त्यांनी त्या चष्म्याकडे तास-सव्वा तास बघितलं. इतकी वर्षं बाकाच्या या बाजूला कोण कोण बसलं असेल, असा विचार त्यांच्या मनात आला. तो त्यांनी लगेच झटकला, पण तो गेला नाही.

दुपारी अडीचला त्या वर्षाचं बाड मिळालं. महिना माहीत होता, तारीख नव्हती. एक एक पान उलटत त्यांना ती बातमी सापडली, पाचव्या पानावर, हवामानाच्या खाली. नऊ ओळी.

'चालक पाणी आणण्यासाठी उतरला असता प्रवासी बस उतारावरून सुटली. पहिल्या बाकावर बसलेल्या एका तरुणीने प्रसंगावधान राखून हातब्रेक ओढल्याने मोठा अनर्थ टळला. तरुणीचा भाऊ बस थांबलेली असताना पाय मोकळे करण्यास उतरला होता. तो बसमागे धावत असता ठेच लागून पडला. अपघातात तेवढा एकच जखमी झाला आहे.'

हेडक्लार्कांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. मेहुण्यांना बहीण एकच होती.

ते घरी आले तेव्हा बायको खिडकीशी बसून शर्टाला बटण लावत होती. ते तिच्यासमोर स्टुलावर बसले. कागदावर उतरवून आणलेली बातमी त्यांनी तिच्यापुढे धरली. तिने ती लांब धरून वाचली.

"पहिला नाही, दुसरा बाक," ती म्हणाली. "पहिल्यावर एक आजोबा होते. त्यांना ओलांडून जावं लागलं."

"तू ओढलास?"

"दोन्ही हातांनी. ड्रायव्हर सारखा तो दांडा ओढत होता, मी बघत होते. गाडी हलली तेव्हा सगळे ओरडायला लागले. मला वाटलं, ओरडण्यापेक्षा तो दांडा बघावा." तिने दोरा दातांनी तोडला. "खूप जड होता हो."

"आणि हे मला पस्तीस वर्षांत कधी सांगितलं नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? दादा थापा मारतो का, एवढंच विचारायचात. मी म्हणायचे, गाडी सुटली होती हे खरंय."

मग तिने राहिलेलं सांगितलं. घटनेनंतर काही महिन्यांनी सिनेमाचा लेखक घरी आला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, मुलीने ब्रेक ओढला हे लोकांना पटणार नाही. मग तो दादाकडे वळला. दादाच्या गुडघ्याला तेव्हाही पट्टी होती. 'तुम्ही भाऊ ना? तुम्ही धावलात?' दादा म्हणाला, धावलो, पण ब्रेक हिने ओढला. लेखकाने ते लिहून घेतलं नाही.

"तीनदा सांगितलं दादाने. मी मोजत होते," बायको म्हणाली. "चौथ्यांदा नाही सांगितलं."

"आणि तू गप्प बसलीस?"

"दादा दोन वर्षं नोकरीसाठी हिंडत होता. घरात मान वर करून बोलायचा नाही. सिनेमा आला आणि तो जेवताना बोलायला लागला." तिने शर्टाची घडी घातली. "मग थांबलाच नाही, ते जाऊ द्या."

हेडक्लार्क उठले, खोलीत दोन फेऱ्या मारल्या आणि पुन्हा बसले. त्यांना मेहुण्यांचा राग यायला हवा होता. पस्तीस वर्षं जपलेली जागा त्यासाठी तयार होती. पण मनात येत होता तो एकवीस वर्षांचा मुलगा, बहीण आत आहे म्हणून बसमागे उतारावरून जीव तोडून पळणारा. तेवढं खरं होतं. नऊ ओळींत छापलेलं होतं.

संध्याकाळी हेडक्लार्कांचा चहा टेबलावर आला, तेवढ्यात मेहुणे आले. या वेळी बेल एकदाच वाजली. केस दोन्ही बाजूंनी सारखे झाले होते. ते आत आले, पण बसले नाहीत.

"सापडलं?" त्यांनी विचारलं.

"सापडलं," हेडक्लार्क म्हणाले.

मेहुण्यांनी खाली बघितलं. "मग जोडून टाका भाऊजी. कात्रण जोडा. एकदा होऊन जाऊ दे."

"काही जोडायचं नाही," बायको म्हणाली.

"ठके, तू मध्ये पडू नकोस."

"बस माझी होती, मी मध्ये पडणारच."

मेहुण्यांना हसू आलं आणि त्याच वेळी त्यांचे डोळे भरले, त्यामुळे त्यांचा आवाज विचित्रच निघाला. "तू एकदा तरी बोलायचंस गं! एकदा कुणापुढे तरी म्हणायचंस, दादा खोटं बोलतोय!"

"कसं म्हणणार? तू इतकं छान सांगायचास. मलासुद्धा वाटायचं, पोचतो की नाही हा बसपर्यंत."

हेडक्लार्क टेबलाशी गेले आणि त्यांनी टॅब उघडला. रात्रीपर्यंत वाट बघण्याचं कारण नव्हतं. मसुदा त्यांच्या डोक्यात तयार होता. दोन टॅग पुरत नाहीत, तिसरा हवा, असा प्रस्ताव त्यांनी घुबडाला लिहिला: 'घटना खरी, माणसं कथेच्या सोयीने.' त्याखाली पहिला सिनेमा घातला, आणि पुरावा म्हणून वर्तमानपत्राचं नाव, तारीख आणि पान क्रमांक दिला. बातमीची नक्कल जोडली नाही. ज्याला बघायचं असेल त्याने तळघरात जावं, अर्ज करावा, ओळखपत्राची नक्कल लावावी आणि चष्म्याकडे बघत बसावं. हेडक्लार्कांची खात्री होती की असा माणूस येत्या शंभर वर्षांत निघणार नाही.

घुबडाचं उत्तर दहा मिनिटांत आलं. 'मंजूर. हा टॅग फार दिवस हवा होता. माझ्या अंदाजाने यादीतले सहाशेच्या वर सिनेमे यातच जातील.'

मेहुण्यांनी मान पुढे काढून वाचलं. "कथेच्या सोयीने म्हणजे?"

"म्हणजे सगळ्यांच्याच," हेडक्लार्क म्हणाले, आणि आपला चहा त्यांच्याकडे सरकवला.

"आता लावा तो सिनेमा," बायको एकाएकी म्हणाली. "मी अजून पुरता बघितलाच नाहीये. बसचा प्रसंग आला की उठून स्वयंपाकघरात जायचे."

तिघं सोफ्यावर बसले, ती मध्ये. प्रिंट जुनी होती, आवाज फाटलेला. बस घाट चढली. ड्रायव्हर पाणी आणायला उतरला. बस सुटली. नायक रस्त्यावरून धावायला लागला, छाती पुढे काढून, एकदाही ठेच न लागता. मेहुणे सोफ्यात अंग चोरून बसले. आणि बसमध्ये, दुसऱ्या बाकावर, नायकाच्या बहिणीने दोन्ही हात कानांवर ठेवले, एक किंकाळी फोडली आणि ती बेशुद्ध पडली.

"बेशुद्ध?" हेडक्लार्क उभे राहिले. "बेशुद्ध?" त्यांच्या कपाळावरची शीर फुगली. "हे कुणी लिहिलं? हयात आहे का तो? दादा, त्याचा पत्ता आहे तुमच्याकडे?"

मेहुण्यांनी तोंड लपवलं. बायको मात्र हसत होती. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, सोफा हलेपर्यंत. पडद्यावर एकतीस माणसं नायकाला खांद्यावर घेत होती आणि बहिणीच्या तोंडावर कुणीतरी पाणी मारत होतं. हेडक्लार्क तक्रारीसाठी कागद शोधायला निघाले. तिने त्यांचं मनगट पकडलं आणि खाली ओढलं. अजूनही चांगली ताकद होती हातात.

"बसा हो," ती म्हणाली. "आता गाणं आहे."